सासूबाईंच्या खोक्यातल्या ६१ रिजन्सी: ठेवायच्या कोणत्या, द्यायच्या कोणत्या (नोंदी)

४ जानेवारी

काम काय ते आधी सांगतो. सासूबाई डोंबिवलीचं घर विकून आमच्याकडे ठाण्याला राहायला आल्या आणि भांड्याकुंड्यांबरोबर पुस्तकांचे दोन खोके आले. सगळी इंग्रजी, सगळी पेपरबॅक आणि जवळपास सगळी एकाच जातीची, रिजन्सी रोमान्स. तीस वर्षं नोकरीसाठी मुंबईला ये-जा करताना फाउंटनच्या आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून, शिवाय बंद पडलेल्या लायब्रऱ्यांच्या सेलमधून त्यांनी ती जमवलीत. मोजली, ६१ भरली. हिने शेल्फकडे एक नजर टाकली आणि जाहीर केलं, पंचवीस बसतील, बाकीची द्या. कोणती द्यायची ते ठरवायला आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणतो) साफ नकार दिला, म्हणाल्या "तुम्ही ऑडिटर ना, तुम्हीच करा."

मी बँकांचं ऑडिट करतो, रोमान्सचं एक पान आयुष्यात वाचलेलं नाही. पण असा खोका आणखी कोणाच्या घरी येईल तेव्हा त्याचा वेळ वाचावा म्हणून लिहून ठेवतोय, कारण माझा बराच गेला.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: इंग्लंडचा तिसरा जॉर्ज वेडसर झाला म्हणून त्याचा मुलगा रीजंट म्हणून कारभार बघायला लागला, ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०, ती रिजन्सी. आणि त्या काळात घडणाऱ्या रोमान्समधला 'ट्रॅडिशनल' प्रकार म्हणजे दोनसव्वादोनशे पानं, लग्न जुळेपर्यंतची गोष्ट, बेडरूमचं दार बंद. अमेरिकन प्रकाशकांच्या या छोट्या पुस्तकांच्या मालिका २००५-०६ च्या सुमारास बंद पडल्या, त्यामुळे आता हे जुन्या बाजारातच मिळतं.

५ जानेवारी

वाचायच्या आधी साफसफाई. दुसऱ्या खोक्यात कसर लागली होती. तीन पुस्तकं हातात घेतल्यावर चाळणी झालेली दिसली, ती गेली. बाकीची गच्चीत उन्हात ठेवली आणि ही पहिली चूक, कारण स्वस्त पेपरबॅकचा गोंद उन्हात वाळून तडकतो आणि मग पानं मूठमूठ सुटतात. आठ पुस्तकांचं असं झालं. सावलीत वारा द्यायचा होता, उन्हात नाही. मऊ ब्रश, डांबर गोळ्या, बाइंडिंगचा गम मिळून ३४० रुपये. गम मी जास्त लावला, दोन पुस्तकं आता पूर्ण उघडतच नाहीत.

११ जानेवारी

५८ उरली. मुखपृष्ठावर छातीखालून सरळ पडणारा पांढरा झगा असला की रिजन्सी असं धरून गठ्ठे लावले आणि फसलो. चित्र काढणाऱ्याने आतलं पान वाचलेलंच नसतं. सात पुस्तकं भलत्याच काळातली निघाली, तीन जॉर्जियन, म्हणजे आधीच्या (पावडर लावलेले केसांचे टोप, तलवारी) आणि चार व्हिक्टोरियन, म्हणजे नंतरच्या, त्यातल्या एकात तर नायिका पान ४ वर आगगाडीत बसते. प्रवाशांची लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच मुळात १८३० ची. मुखपृष्ठ सोडा, पहिल्या दहा पानांत राजा कोण, लढाई कोणती, वाहन कोणतं ते बघा.

उरली ५१.

१२ जानेवारी

एक्सेल शीट केली. शंभर मार्क, पैकी ४० इतिहासाच्या अचूकपणाला, २० भाषेला, २० कथानकाला, १० नायकाला, १० नायिकेला. चौदा कॉलम. फार समाधान वाटलं. हे समाधान किती महागात पडलं ते पुढे.

१९ जानेवारी

पदव्यांनी जीव खाल्ला. पहिल्या तीन पुस्तकांत एकाच माणसाला चार जण चार नावांनी हाक मारतात आणि मला वाटलं चार माणसं आहेत, एका पुस्तकाच्या तर निम्म्यापर्यंत मी काका आणि नायक वेगळे धरून चाललो होतो, ते एकच. शेवटी दोन संध्याकाळी घालवून तक्ता केला आणि तो पुठ्ठ्यावर चिकटवून बुकमार्क केला, ही या प्रकल्पातली सगळ्यात कामाची वस्तू.

तक्त्यातलं मुख्य: उतरती पायरी ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. बॅरोनेट यांच्यात धरत नाहीत, तो नुसता 'सर', आणि सरच्या पुढे पहिलं नाव येतं, आडनाव कधीच नाही. अर्लची मुलगी लेडी अधिक पहिलं नाव, बॅरोनेटची बायको लेडी अधिक आडनाव. ड्यूकला 'युअर ग्रेस', त्याला 'लॉर्ड अमुक' म्हणणारं पात्र दिसलं की समजा लेखिकेने घाई केलीय. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीत दरबारातला कारकून पेशव्यांना 'अहो बाजीराव' म्हणाला तर कसं वाटेल, तसं.

२ फेब्रुवारी

मी स्वतःच चुकीचे मार्क कापलेले सापडले. दोन ठिकाणी.

एक, वॉल्ट्झ. मला उगाच वाटत होतं की हा नाच व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणून चार पुस्तकांचे पाच-पाच मार्क कापले. मग वाचलं की १८१६ च्या जुलैमध्ये खुद्द प्रिन्स रीजंटच्या बॉलमध्ये वॉल्ट्झ झाला म्हणून द टाइम्सने आदळआपट केली होती. म्हणजे नाच तर होताच, वर त्याची बदनामीपण होती, आणि नायिका 'नाचू का नको' म्हणून घुटमळते त्याला अर्थ होता. वीस मार्क परत.

दोन, पत्र. एका पुस्तकात गरीब मावशी दारात आलेलं पत्र परत पाठवते कारण ते सोडवून घ्यायला पैसे नाहीत. मी शेरा मारला, 'असं कसं, पोस्टेज पाठवणारा भरतो'. तसं नव्हतं. १८४० मध्ये पेनी पोस्ट येईपर्यंत पैसे साधारणपणे घेणाराच भरायचा, अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर, म्हणून तर लोक एकाच कागदावर आधी आडवं आणि मग कागद फिरवून उभं लिहायचे. पार्लमेंटचा मेंबर ओळखीचा असला तर त्याच्या सहीवर पत्र फुकट जायचं, आणि अशी फुकटची सही मागायला गेलेली नायिका हा एका पुस्तकातला फार गोड प्रसंग आहे, जो मी पहिल्यांदा वाचताना 'अनावश्यक' म्हणून नोंदवला होता. लाज वाटली.

१६ फेब्रुवारी

२३ झाली आणि शीट झोपलं.

पहिल्या नंबरावर ९१ मार्कांचं एक पुस्तक आलं. त्यात सगळं बरोबर आहे. आल्मॅक्स क्लब किंग स्ट्रीटवर, बुधवारी बॉल, आत जायला बड्या बायकांच्या कमिटीने दिलेलं व्हाउचर लागणार, रात्री ११ नंतर दार बंद, प्यायला लेमोनेड आणि खायला ब्रेड-बटर, सगळं जागच्या जागी. जेवणाचं वर्णन सव्वातीन पानं. आणि नायक-नायिका एकमेकांशी बोलतात तेव्हा असं वाटतं की दोघं मिळून स्टॉक स्टेटमेंट टॅली करतायत. मी ते पुस्तक पाच दिवसांत सात वेळा खाली ठेवलं.

आणि शेवटून तिसऱ्या नंबरावर, ५४ मार्क, असं एक पुस्तक की ज्यात १८१२ साली नायक काडी ओढून मेणबत्ती लावतो (घासून पेटणाऱ्या काड्या १८२७ मध्ये विकायला आल्या) आणि आल्मॅक्समध्ये शॅम्पेन वाहतेय. ते वाचताना शुक्रवारी माझं ठाणं हुकलं. नुसतं हुकलं नाही, ठाणं आलं हे मला कळलंच नाही, मुंब्रा गेलं तरी कळलं नाही, डोंबिवलीला उतरलो आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या-उभ्या उरलेली बारा पानं संपवून परत आलो.

रात्री आईंना दोन्ही मार्क दाखवले. त्या म्हणाल्या, "तुम्ही पुस्तक वाचताय का व्हाउचर तपासताय?" मी म्हटलं व्हाउचर तर आल्मॅक्सला पण लागायचं. त्यावर त्या हसल्या नाहीत.

२२ फेब्रुवारी

दुसरं शीट. इतिहासाचे मार्कच काढून टाकले. त्याऐवजी एकच प्रश्न, चूक भिंतीत आहे की रंगात? रंगातली चूक (काडी, शॅम्पेन, एखादं गाणं दहा वर्षं आधी) नुसती लिहून ठेवायची, मार्क कापायचे नाहीत. भिंतीतली चूक म्हणजे ती काढली तर गोष्टच पडते, तिथे पुस्तक बाद.

बाद झालेल्यांचे नमुने देतो, म्हणजे कळेल. एकात २२ वर्षांची नायिका घोडागाडीने स्कॉटलंडच्या ग्रेटना ग्रीनला पळून जाते आणि अख्खं पुस्तक त्या पाठलागात जातं. १७५३ च्या कायद्याने अडचण होती ती २१ च्या आतल्यांची, बापाची संमती नसेल तर लायसन्स नाही आणि चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारायची तर बाप उभा राहून आडवा येणार, म्हणून पळायचं. बावीसची बाई सरळ आपल्या गावात लग्न करू शकते. लंडनपासून तीनशेहून जास्त मैल धक्के खायची गरज काय? दुसऱ्यात म्हातारा अर्ल दत्तक मुलाच्या नावाने पदवी करून देतो. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ चा, आणि पदवी काही मृत्युपत्रात लिहून देता येत नाही. आपल्याला हे पटकन खटकत नाही कारण आपल्याकडे गादीला दत्तक घेणं नेहमीचं, मलाही खटकलं नव्हतं, आधीच्या शीटवर त्याला इतिहासाचे ३६ दिलेले आहेत. तिसऱ्यात नवरा चिडून 'पुढच्या महिन्यात घटस्फोट देतो' म्हणतो आणि बायको घाबरते. पुन्हा लग्न करता येईल असा पुरा घटस्फोट घ्यायला तेव्हा पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागायचा, १८५७ पर्यंत हेच. कोर्ट, बदनामी, पैसा. एका महिन्यात कसला घटस्फोट.

मार्क आता असे: दोघांच्या मधली अडचण ४५, बोलणं ३५, बाकीची माणसं २०. आधीची २३ पुन्हा बघावी लागणार. सहा आठवडे पाण्यात.

१ मार्च

'अडचण' मोजायला मी पाच मिनिटांची कसोटी लावली. दोघांनी पाच मिनिटं सरळ बसून बोललं तर गैरसमज मिटतो का? मिटत असेल तर अडचण पोकळ, ४५ पैकी १० च्या वर नाही. अकरा पुस्तकं धडाधड पडली. मला वाटलं जमलं.

आईंनी यादी बघितली आणि चष्मा काढला. "यातली सहा माझ्या आवडीची आहेत. पाच मिनिटं बोललं तर मिटेल म्हणता, पण ती पाच मिनिटं त्यांना देणार कोण? माझ्या वेळी चहापोह्याला तुमचे सासरे समोर बसले होते अर्धा तास. मी दोन वाक्यं बोलले, दोन्ही साखरेबद्दल."

बरोबर होतं. त्या काळात बिनलग्नाची मुलगी पुरुषाबरोबर खोलीत एकटी सापडली की बोभाटा. बोलायच्या जागा मोजक्या, नाचताना तुकड्या-तुकड्यांत, किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास हाइड पार्कमध्ये त्याच्या उघड्या गाडीतून फेरी मारताना, तीही मागे नोकर उभा. बंद गाडी चालत नाही. म्हणजे चांगली लेखिका हीच टंचाई वापरते. मिळालेली तीन मिनिटं भलत्याच विषयात घालवायला लावते आणि आपण वाचताना तळमळतो.

मग कसोटी बदलली. ती पाच मिनिटं त्यांना मिळाली होती का? लेखिकेने दोघांना बर्फात अडकवून खानावळीत रात्रभर समोरासमोर बसवलं आणि तरी ते मुख्य गोष्ट बोलत नाहीत, तर मार्क कापा. मिळालीच नसतील तर उलट मार्क द्या. अकरातली सात वर आली, आईंची सहाच्या सहा त्यात. आई काही बोलल्या नाहीत, चहा मात्र न मागता आला.

१५ मार्च

जॉर्जेट हेयर ही लेखिका. खोक्यात तिच्या अकरा होत्या, दोन जॉर्जियन म्हणून आधीच बाजूला, नऊ राहिल्या. तिची पहिली रिजन्सी १९३५ ची, ती वारली १९७४ मध्ये, आणि हा सगळा प्रकार तिच्या मागून चाललेला आहे. जेन ऑस्टिन त्याच काळात राहत होती (तिची पहिली कादंबरी १८११ चीच) त्यामुळे तिला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. हेयरला सगळं वाचून, टिपणं काढून उभं करावं लागलं.

इथे चूक अशी झाली की मी हेयर शेवटी ठेवली होती. आधी वाचायला हवी होती. तीन-चार वाचल्यावर लक्षात आलं की ज्या खास शब्दांसाठी, घोड्यांच्या आणि जुगाराच्या त्या गमतीदार बोलीसाठी मी इतर पुस्तकांना बोलण्याचे ३० च्या वर दिले होते ते शब्द त्यांनी १८१५ मधून नाही, हेयरमधून उचललेत, आणि तेच ते दहा-बारा. मसाल्याच्या डब्यातली एकच वाटी सगळ्या भाज्यांना. पाच पुस्तकांचे बोलण्याचे मार्क खाली आणले.

हेयर स्वतः मात्र सगळी सरळ वर नाही. १९५० ची 'द ग्रँड सोफी' वाचून मी खूप हसलो आणि मग तो ज्यू सावकाराचा प्रसंग आला. हावरट, मळका, लबाड, जातीवरून काढलेलं जुनं चित्र जसंच्या तसं, आणि तेही दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर. माझ्या शीटमध्ये याला कॉलमच नाही. अडचण ४०, बोलणं ३४, माणसं...? बाकीची माणसं तर उत्तम आहेत. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या तो भाग मी दर वेळी उलटून पुढे जाते. मला ते पटलं नाही आणि पुस्तक द्यावंसंही वाटलं नाही. मार्कच दिले नाहीत, ठेवलंय, आत त्या पानाशी चिठ्ठी घातलीय. ज्यांना नकोसं वाटेल त्यांनी देऊन टाकावं, मी वाद घालणार नाही.

२९ मार्च

हिंदुस्थान प्रकरण. ५१ पैकी नऊ पुस्तकांत कोणीतरी 'इंडियात' जाऊन आलेलं आहे. गरीब धाकटा मुलगा जातो, सात वर्षांनी गोरापान होता तो रापून आणि मालामाल होऊन येतो, मध्ये काय केलं ते कोणी विचारत नाही. लेखिकांनी आपला देश लॉकरसारखा वापरलाय. पैसे हवेत, उघडा.

इथे मात्र मला घरचा फायदा होता. एकात नायक १८११ मध्ये 'मराठ्यांशी घनघोर युद्ध' करून परततो. कोणतं युद्ध? एक १८०३ ते ०५, ज्यात पुढे वेलिंग्टन म्हणून गाजलेला आर्थर वेलस्ली आपल्या जालन्याकडे असईला २३ सप्टेंबर १८०३ ला लढला, आणि त्यानंतरचं १८१७-१८. मधल्या काळात कसलं घनघोर. पण ती चूक रंगातली, सोडून दिली.

दुसरी भिंतीतली. डिसेंबर १८१७, लंडन, नायकाला बातमी येते की खडकीला लढाई झाली आणि भाऊ जखमी झाला, तो तातडीने प्रेमाची कबुली देऊन टाकतो. खडकीची लढाई ५ नोव्हेंबरची. तेव्हा जहाज आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून यायचं, चार ते सहा महिने. बातमी डिसेंबरात पोचणं शक्यच नाही, आणि अख्खी कबुली त्या बातमीवर उभी. वर आणखी एक, ६ नोव्हेंबरला, म्हणजे खडकीच्या दुसऱ्याच दिवशी, रीजंटची एकुलती एक मुलगी प्रिन्सेस शार्लट बाळंतपणात गेली. सगळा देश सुतकात, दुकानांत काळं कापड संपलेलं. या पुस्तकात डिसेंबरात गुलाबी झग्यांचा बॉल चाललाय. बाद. पुण्याचं माहेर असलेल्या आई म्हणाल्या की एवढी वर्षं दोन तारखा शेजारी आहेत हे आपल्याला कसं दिसलं नाही, आणि लगेच म्हणाल्या, "पण बॉल छान रंगवलाय हो."

१२ एप्रिल

५१ संपली. आधीची २३ पूर्ण पुन्हा वाचली नाहीत, कबूल करतो. पहिली तीस पानं, मधला एक मोठा संवाद आणि शेवटची वीस, एवढ्यावर मार्क बदलले. ज्यांना वेळ आहे त्यांनी असं करू नये, कारण दोन पुस्तकांच्या बाबतीत नंतर निर्णय फिरवावा लागला.

वेळ: एक पुस्तक सरासरी साडेचार तास, बहुतेक लोकलमध्ये. खर्च: साफसफाईचे ३४०, कापडी पिशव्या १८०, वाचनासाठी क्लिपवाला दिवा ४५०, डोंबिवलीपर्यंत जादा गेल्याचा रिटर्न सोडून देतो. पास ठाण्यापर्यंतचाच होता, टीसी भेटला नाही हे नशीब.

२६ एप्रिल

पंचवीस ठरली. हेयरच्या सात, बाकी अठरा. ५४ मार्कांवरून उठून दुसऱ्या नंबराला आलेलं काडीवालं पुस्तक त्यात आहे, ९१ वालं नाही. उरलेली २६ आणि भलत्या काळातली सात एका लायब्ररीत घेऊन गेलो, त्यांनी इंग्रजी जुनं नको म्हणून परत पाठवलं. फुटपाथवाल्याने नगाला दहा रुपये सांगितले. ३३० रुपये, म्हणजे गम आणि गोळ्यासुद्धा सुटत नाहीत. पिशव्या दारात ठेवल्या, रविवारी नेऊन टाकतो म्हटलं.

मग पंचवीस शेल्फमध्ये लावली. लावली आणि अर्ध्यातच संपली. टेप आणली, शेल्फ ९१ सेंटीमीटर, ही पुस्तकं दीड-पावणेदोन सेंटीमीटरची, हेयर अडीच. सगळी मिळून ४७ सेंटीमीटर. पंचवीस हा आकडा हिने माझ्या जाडजूड ऑडिट मॅन्युअलवरून अंदाजाने काढला होता आणि मी, आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासणारा, तो चार महिने न तपासता घेऊन बसलो.

ही म्हणाली मला काय माहीत एवढी बारीक असतील.

२७ एप्रिल

पिशव्या अजून दारातच आहेत. सकाळी मोजल्या तेव्हा ३३ च्या जागी २७ भरली. शेल्फवर कुठली सहा वाढलीत ते बघितलं, त्यात खडकीवालं आहे. शीटवर अजून चढवलेलं नाही.